समुद्राला ठिगळ

जालन्याला समुद्र होता. मस्तगडला, अप्पारावांच्या फोटो स्टुडिओत, उत्तरेच्या भिंतीवर. छताखाली सुरू व्हायचा आणि फरशीच्या वीतभर वर संपायचा. समोरच्या भिंतीवर सांचीचा स्तूप होता. छप्पन सालानंतर बौद्ध झालेली घरं पांढरे कपडे घालून स्तूपापुढे बसत, बाकीची समुद्रापुढे. अप्पाराव स्वतः बौद्ध. पण दोन पडद्यांची वाटणी त्यांनी एका वाक्यात करून टाकली होती, "स्तूप मनासाठी, समुद्र पोटासाठी."

समुद्र मुंबईचा होता. हैदराबादहून आलेल्या, सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरनं तो कॅलेंडरवरून उतरवला होता. पेंटरनं मुंबई पाहिलेली नव्हती, अप्पारावांनीही नव्हती, आणि गिऱ्हाइकांनी पाहिली असती तर ती या स्टुडिओत कशाला आली असती? तरी अधूनमधून एखादा कापसाचा दलाल मुंबईहून परतायचा, पडद्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि चुका काढायचा. पडद्यावर पूर्वी ट्राम होती. दलाल म्हणाला, "अप्पाराव, ट्राम बंद झाल्या की." अप्पारावांनी तिच्यावर लाल रंग मारून तिची बस केली. दुसरा म्हणाला, तिथल्या समुद्राकाठच्या रस्त्याला नारळाची एवढी झाडं नाहीत. अप्पारावांनी दोन झाडं काढली. मग गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, की नारळ नसला तर समुद्र ओळखायचा कसा? झाडं पुन्हा लावली. खुद्द मुंबईत इतक्या तातडीनं कामं होत नसावीत.

बहात्तरच्या दुष्काळात या समुद्राला सर्जेराव येऊन मिळाला.

सर्जेराव जाफराबादकडच्या एका गावचा. त्याचे वडील रखमाजी म्हणजे त्या गावचं वजनमाप. दोघा भावांत बांधावरून भांडण लागलं की रखमाजींना बोलावणं जायचं. ते वहाणा काढून बांधावरून चालत, मध्येच थांबत आणि पायानं दाखवत, "दगड इथं होता." दोन्ही बाजू गप्प. ज्यानं बांध कोरलेला असे तोही गप्प. तलाठ्याकडं नकाशा होता, पण तो कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली तलाठ्याच्या सासुरवाडीला. रखमाजी मात्र कायम गावात असत, आणि ते खोटं बोलत नाहीत याबद्दल कट्टर वैऱ्यांचंही एकमत होतं.

अशा माणसाच्या पोटी जन्माला येणं काही सोपं काम नाही. सर्जेराव मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा उठला. दुष्काळात गाव खडी फोडायला निघालं तेव्हा "मी मुंबईला नोकरी धरतो" असं त्यानं पारावर जाहीर केलं. गावानं एसटीपर्यंत पोचवून त्याच्या हातात नारळ दिला. जालन्याहून छोट्या गाडीनं मनमाड आणि मनमाडला मोठी गाडी, असा रस्ता. मोठी गाडी आली, थांबली, आणि हिच्यात शिरायचं कसं असा सर्जेराव विचार करत असतानाच गेली. दुसरी आली. तिचाही विचार झाला. मग तो पूल ओलांडून पलीकडं गेला आणि परतीच्या छोट्या गाडीत बसला. तिच्यात जागा होती. नारळ पिशवीत तसाच होता.

गावी जायची लाज वाटत होती म्हणून तो जालन्यातच फिरत राहिला, आणि फिरत फिरत अप्पारावांच्या दारात उभा राहिला.

"काय येतं तुला?" अप्पारावांनी विचारलं.

"रंगवता येतं थोडं."

"काय रंगवलंस आजपर्यंत?"

"पोळ्याला बैलाचे शिंगं."

अप्पारावांनी त्याला ठेवून घेतलं. दिवाळीपर्यंत घरी खरं सांगून टाकू, असं सर्जेरावनं ठरवलं होतं. दिवाळीला अप्पारावांनी बक्षीस म्हणून त्याचा समुद्रापुढे उभा फोटो काढला. फोटो इतका चांगला आला की खरं सांगायचं राहून गेलं. त्यानं फोटोसोबत घरी चार ओळी लिहिल्या, "मी खुशाल आहे. समुद्राच्या समोरच कामाला आहे." यात चुकीचं काही नव्हतं. फक्त पाकीट मुंबईला निघालेल्या एका मुनिमाच्या हाती देऊन मुंबईच्या पेटीत टाकायला लावलं, कारण गावच्या पोस्टमनला शिक्के वाचायचा शौक होता.

मग दर दिवाळीला एक फोटो जाऊ लागला. रखमाजींनी तो काचेत बसवून भिंतीवर लावावा, आणि आई झुंबरबाईनं येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर तो दाखवावा, असा रिवाज पडला.

मध्यंतरी एका पावसाळ्यात उंदरांनी समुद्र कुरतडला. भोक हातभर पडलं. सर्जेरावनं मागून ठिगळ लावलं आणि ते दिसू नये म्हणून त्याच्यावर होडी काढली. ठिगळ चौकोनी असल्यामुळं होडीही चौकोनीच झाली. अप्पाराव म्हणाले, "चालतंय. बोटीत बसणारा इथं कोण आहे?"

खरी अडचण मंगळवारची. मंगळवारी बाजाराला जाफराबादकडची माणसं येत, आणि त्यांतली काही समुद्रावर येत. पण कॅमेरा जुन्या पद्धतीचा होता. तीन पायांवर लाकडी पेटी, आणि मागं मोठं काळं फडकं. फोटो काढणाऱ्यानं त्या फडक्यात डोकं घालून काचेवर चित्र जुळवायचं. ओळखीचं कुणी जिना चढताना दिसलं की सर्जेराव फडक्यात शिरायचा आणि ते जिना उतरेपर्यंत बाहेर यायचा नाही. अशा वेळी "हलू नका" हे अप्पाराव म्हणत. आवाज तेवढा ओळखू येतो.

एकदा त्याचा सख्खा चुलता कचरू आला. नवा कोट घालून समुद्रापुढं उभा राहिला आणि पडदा बघून थक्क झाला.

"वा रे वा! फोटोवाले, कमाल हाय तुमची. आमचं पोरगं मुंबईला आस्तं, सर्जेराव. त्याच्या फोटोत बिलकुल हाच समुद्र. ह्ये झाड, ह्ये खांब. अरे, होडीसुदिक तीच! लई हुबेहूब काढलाय."

"पेंटर हैदराबादचा होता," अप्पाराव म्हणाले.

"तरीच!"

खरा समुद्र सर्जेरावच्या मागं आणि त्याची नक्कल आपल्या मागं, अशी कचरूची समजूत झाली आणि नक्कल करणाऱ्याबद्दल त्याला आदर वाटला. फडक्याच्या आत सर्जेरावला घाम फुटला होता. काचेवर चित्र उलटं पडतं. चुलता डोकं खाली, पाय वर करून हसत होता आणि पुतण्याचं कौतुक करत होता. गावी गेल्यावर कचरूनं भावाला सगळं सांगितलं. रखमाजी "हूं" म्हणाले.

असंच चाललं असतं. पण खऱ्या मुंबईतला समुद्र जागचा हलला.

ही बातमी गावात वसंतानं आणली. वसंता मनमाडला गाडीत शिरू शकलेल्यांपैकी. मुंबईत तो एका नव्या उंच इमारतीत लिफ्ट चालवायचा आणि सुट्टीला आला की गावभर काळा चष्मा घालून हिंडायचा, तिन्हीसांजेलासुद्धा. त्या संध्याकाळी पारावर माणसं जमली होती आणि वसंता पाय हलवत बसला होता. पँटचे पाय खाली इतके रुंद की पार झाडल्यासारखा होत होता.

"नरिमन पॉइंटला वीस-वीस, पंचवीस मजल्याच्या बिल्डिंगी उठल्या. समुद्र बुजवून."

"बुजवून म्हंजी?"

"दगडमाती टाकून टाकून. जिथं पानी होतं तिथं जमीन केली."

"म्हंजी समुद्राचा बांध कोरला म्हन की," एक म्हातारा म्हणाला. गावाला आता कुठं गोष्ट समजली. मुंबईची माणसंही आपल्यासारखीच आहेत हे कळून बरं वाटलं.

"मंग समुद्र काय म्हनला?"

"काय म्हनतो? त्याच्या नावावर सातबारा हाय का?"

पार हसला. रखमाजीसुद्धा हसले. आणि नेमकं तेव्हाच कचरूला बोलायचं सुचलं.

"पर आमच्या सर्जेरावच्या फोटोत तं मोकळा समुद्र हाय. औंदाच्या दिवाळीचाच फोटो."

"दावा बरं."

कचरू धावत जाऊन भिंतीवरची फ्रेम घेऊन आला. वसंतानं चष्मा काढला. गावानं त्याचे डोळे पुष्कळ दिवसांनी पाहिले.

"ह्ये टोक बघा, ह्योच नरिमन पॉइंट. हितं पानीच पानी दिसून राह्यलं ना? ह्या पान्यात मी लिफ्ट चालवतो."

कुणी हसलं नाही. वसंताला तेवढ्यावर थांबता आलं असतं.

"आन ही होडी. मुंबईत एवढे वर्स काढले, असली चौकोनी होडी न्हाई पाह्यली. पेटी तरंगून राह्यली का काय? आबा, राग मानू नका, पर ह्यो फोटो मुंबईचा न्हाई. कुठं तरी काढलाय."

सगळे रखमाजींकडं बघू लागले. खरं बोलणाऱ्या माणसांना एक खोड असते. ती दुसऱ्याच्या वतीनंही खरं बोलायला जातात.

"वसंता," रखमाजी म्हणाले, "माझं पोरगं खोटं असंल तं मी खोटा. मंग ह्या पारावर बसायचा न्हाई आन कोनाच्या बांधावर पाय ठिवायचा न्हाई. मी सोता जाऊन बघून येतो."

दुसऱ्या दिवशी फ्रेम धोतराच्या फडक्यात गुंडाळून, भाकरी बांधून ते जालन्याच्या एसटीत बसले. मनमाडची गाडी संध्याकाळची होती. दुपार मोकळी होती. स्टेशनकडं न जाता ते मस्तगड विचारत निघाले, कारण कचरूचं "हुबेहूब" त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. कचरूला दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची सवय नव्हती. रखमाजींनी आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं.

दिवस मंगळवारचा नव्हता, त्यामुळं सर्जेराव बेसावध होता. समुद्रापुढं एक नवं जोडपं बसवलं होतं आणि तो फडक्यात डोकं घालून नवरीचा पदर जुळवत होता. तेवढ्यात काचेवर, जोडप्याच्या बाजूला, तांबडा पटका बांधलेला एक माणूस उलटा, छताला पाय लावून चालत आला. सर्जेरावनं बापाला ओळखायला जरा वेळ घेतला. उलटा बाप त्यानं कधी पाहिला नव्हता.

"रामराम. फोटोवाले कोन?"

"मीच. या आबा, बसा. फोटो काढायचाय?" अप्पाराव म्हणाले.

"बघू. आधी बघू द्या."

वहाणा ते दाराबाहेर काढून आले होते. त्यांनी फ्रेम सोडली, डाव्या हातात धरली आणि पडद्याच्या एका टोकापासून चालायला लागले. खांब बघितला, फ्रेम बघितली. झाड बघितलं, फ्रेम बघितली. नवरा-नवरी अंग चोरून बसली. बांधावरून चालावं तसे रखमाजी समुद्रावरून चालत होते, आणि होडीपाशी येऊन थांबले. त्यांनी होडीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला ठिगळाची शिवण लागली.

कॅमेऱ्याचं फडकं थंडी वाजल्यासारखं हलत होतं. अप्पारावांनी ते बघितलं आणि त्यांना पाहुणा कोण ते कळलं.

"ह्यो समुद्र किती वर्साचा हाय?"

"असेल पंचवीसेक वर्षांचा. खास हैदराबादचा पेंटर."

"आन ही होडी?"

"होडी... नंतर आली."

"कोनी आनली?"

पडद्याबद्दल अप्पाराव वाटेल तेवढ्या थापा मारू शकत. पण हा प्रश्न पडद्याबद्दल नव्हता.

रखमाजी वळले. समोर कॅमेऱ्याचे तीन लाकडी पाय होते आणि त्यांच्या मागं माणसाचे दोन. डाव्या पायाला करंगळी नव्हती. ती वखराची धारदार पास लागून गेली तेव्हा पोरगं पाच-सहा वर्षांचं होतं, आणि रखमाजींनी डोक्यावरच्या पटक्याची चिंधी फाडून ते रक्त बांधलं होतं. त्यांनी त्या पायाकडं बघितलं. मग लगेच दुसरीकडं बघितलं, जसं एखाद्या बाईचा पदर ढळला तर माणूस बघतो.



"आमचं काय मंग?" नवरदेवानं विचारलं.

"ह्यांचं होऊ द्या," रखमाजी म्हणाले. "मागून माझा काढा."

जोडप्याचं होईपर्यंत कौसल्याबाईंनी, अप्पारावांच्या बायकोनं, आतून चहा पाठवला. गावच्या नियमानं रखमाजींनी तो घ्यायला नको होता. पण इथं तर मुंबई होती, आणि मुंबईत चालतं असं म्हणतात. त्यांनी चहा घेतला, कप स्वतः उचलून बाजूला ठेवला आणि उठले.

"बसून काढू का उभा?" अप्पारावांनी विचारलं.

"ह्या फोटोत पोरगं जसं उभं हाय ना, तसा. तिथंच."

ते उभे राहिले. त्याच खांबाशेजारी, होडीच्या त्याच अंगाला. पटका नीट केला. फ्रेम खाली, पायाशी, तोंड भिंतीकडं करून ठेवली. फडक्यात सर्जेराव बघत होता. काचेवर समुद्र वरून लोंबत होता आणि त्याच्यात बाप डोकं खाली करून लटकला होता, ताठ, दोन्ही हात मांड्यांना लावून, सरकारी कामाला उभा राहिल्यासारखा. चित्र जुळत नव्हतं. काच ठीक होती, डोळ्यांत पाणी आलं होतं.

अप्पारावांनी ठरल्याप्रमाणं तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी फडकं बोललं.

"हालू नका."

रखमाजी समोर बघतच म्हणाले, "न्हाई हालत."

बापलेकांचं त्या भेटीतलं सगळं बोलणं एवढंच.

"कधी भेटंल?" रखमाजींनी अप्पारावांना विचारलं.

"परवा."

"बराबर हाय. मुंबईला जाऊन यायला तेवढेच दिवस लागत असतील."

ते फ्रेम बांधून जिना उतरले. बऱ्याच वेळानं सर्जेराव फडक्यातून बाहेर आला.

"जा ना मागं, येड्या!" अप्पाराव ओरडले.

"कोन्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं जा. दुसरं कुठून आणणारेस?"

त्या दिवशी त्याला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कौसल्याबाईंनीच पिठलं-भाकरीचा डबा भरून त्याच्या हातात दिला आणि परवापर्यंत ते दुसरीकडं कुठं बसणार, असं म्हणत स्टेशनचा रस्ता दाखवला, जसा काही त्याला तो माहीत नव्हता. रखमाजी फलाटाच्या शेवटच्या बाकावर बसले होते. फ्रेम मांडीवर. मुंबईला जाऊन आल्याचा वेळ ते तिथं बसून भरून काढत होते. सर्जेराव तिकडं निघणार एवढ्यात गावाकडचा एक कापसाचा व्यापारी फाटकातून आत आला. रखमाजींनी त्याला पाहिलं. झटकन उपरणं डोक्यावरून पुढं ओढलं, तोंड झाकलं आणि भिंतीकडं वळून बसले.

ज्यांनी उभ्या जन्मात कुणापासून तोंड चुकवलं नव्हतं, त्यांना ते एका दिवसात साधलं होतं. सर्जेरावला फडक्यात तोंड घालून वर्षं झाली होती, पण आपण तेव्हा कसे दिसतो हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. त्यानं डबा एका हमालाकडं दिला, बाकावरचा म्हातारा दाखवला आणि परतला.

संध्याकाळी हमालानं डबा आणून दिला. आतून स्वच्छ धुतलेला.

फोटो सर्जेरावनंच धुतला, काचेत बसवला. रखमाजी न्यायला आले तेव्हा तो डार्करूममध्ये होता. काम काही नव्हतं.

गावी पोचल्यावर रखमाजी आधी पारावर गेले. सगळे वाटच बघत होते. वसंताची सुट्टी अजून शिल्लक होती. रखमाजी पाराजवळ उभे राहिले.

"बसा की आबा."

"असू दे. बसून बसून गुडघे धरलेत." मग म्हणाले, "वसंता म्हनतो ते खरं हाय. समुद्र बुजवून राह्यले. पर पोरगं उभं राह्यतं तिथं अजून पानी हाय. मी सोता तिथं उभा राह्यलो." आणि त्यांनी नवा फोटो काढून दाखवला.

फोटो हातोहात फिरत वसंताकडं आला. वसंतानं तो बघितला. होडी बघितली. मग रखमाजींच्या तोंडाकडं बघितलं, आणि चष्मा काढायच्या ऐवजी घातला.

"आसंल आबा," तो म्हणाला. "माझी लिफ्ट दुसऱ्या अंगाला आसंल."

झुंबरबाईनं दोन्ही फ्रेमा शेजारी शेजारी लावल्या. एकीत मुलगा, दुसरीत बाप, मागं तोच खांब, तेच झाड, आणि दोन फोटोंच्या मध्ये तसूभरही न हललेली तीच चौकोनी होडी. गावात डोळे असलेली माणसं पुष्कळ होती. ती येत, चहा घेत, एक फोटो बघत, दुसरा बघत आणि मग कपात बघत. एकटा कचरू तेवढा मोठ्यानं म्हणायचा, "हुबेहूब!"

पुढं पेरणीच्या आधी दोन चुलतभावांचं बांधावरून वाजलं तेव्हा रखमाजींना बोलावणं गेलं नाही. तलाठ्याला नकाशा घेऊन बोलावलं. किल्लीसुद्धा सापडली. मोजणीची साखळी घेऊन माणसं रखमाजींच्या दारावरून गेली, "रामराम आबा" म्हणाली, आणि रखमाजींनी "रामराम" म्हटलं. कुठं निघालात, असं विचारलं नाही.

हे सर्जेरावला कळलं ते कचरूकडून. कचरू नातवाचा फोटो काढायला आला होता आणि फडक्यासमोर उभा राहून अप्पारावांना सांगत होता, "आमच्या भावाला आता बांधावर कोनी बोलवत न्हाई. काय झालं कोन जाने. पारावर बी बसत न्हाई. उभाच राह्यतो."

त्या दिवाळीला सर्जेरावनं फोटो पाठवला नाही. तो स्वतः गेला. खरं काय ते चारचौघांत सांगायचं, बापाचा काही दोष नाही, खोटा मी, असं त्यानं वाटेत एसटीत घोकून घोकून पाठ केलं. उतरला तो थेट पारावर गेला. पार भरलेला होता. रखमाजी बाजूला, झाडाला टेकून उभे होते.

"आला, मुंबईवाला आला!" कुणी तरी म्हणालं, पण आवाजात म्हणावा तसा जोर नव्हता.

"मला एक सांगायचंय समद्यास्नी," सर्जेराव म्हणाला. "मी मुंबईला..."

"रातभर गाडीत उभा होता," रखमाजी मध्येच म्हणाले. "दमलाय तो. आधी घरी चल."

"न्हाई आबा, सांगू द्या."

त्यानं बापाकडं बघितलं आणि मग पाराकडं. पारावरचा एक माणूस तंबाखू मळत होता, एक चपलेचा अंगठा बघत होता, एकाला दूरवर काही तरी दिसत होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, जणू खोटं तेच बोलले होते. तेव्हा सर्जेरावच्या ध्यानात आलं की हे सगळं त्यांना ठाऊक आहे, आणि आपण ते उच्चारलं की बापाचं खोटं गावाला ऐकून घ्यावं लागेल. बुजवलेला समुद्र उकरून काढण्यासारखं होतं ते. आता खरं बोलायलाही जागा उरली नव्हती. ती बापानं आपलं अंग टाकून भरली होती.

ज्या म्हाताऱ्यानं बांध कोरल्याची गोष्ट काढली होती तोच मदतीला धावला.

"सांग की रे मंग. समुद्र बुजला का न्हाई?"

"बुजून राह्यला," सर्जेराव म्हणाला. "आबा म्हनले तसंच हाय."

पार मोकळा झाला. कुणी तरी त्याला तंबाखू दिली. रखमाजी झाडाची साल नखानं काढत उभे होते.

घरी चार दिवस तो दोन फ्रेमांखाली जेवला. बापलेक बैलांबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. जायच्या दिवशी रखमाजी त्याला एसटीपर्यंत सोडायला आले. थांब्यावर गावची दहा-बारा माणसं होती. झुंबरबाईनं दिलेल्या लाडवांचा डबा रखमाजींनी स्वतः खिडकीतून आत दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुंबईला पोचल्यावर पत्र टाक!"

"हो आबा."

कंडक्टरनं घंटी दिली. रखमाजी खिडकीच्या आणखी जवळ आले. सर्जेरावला वाटलं, आता बोलतील. आता शिवी तरी देतील. त्यानं मान पुढं केली.

"त्या अप्पारावाला म्हनावं," रखमाजी हळूच म्हणाले, "होडी जरा गोल करून घे. लई चौकोनी दिसून राह्यली. लोकं बघतेत."

एसटी निघाली. पाटीवर जालना लिहिलं होतं. थांब्यावर पाटी वाचता येणारी माणसं बरीच होती, आणि ती सगळी त्याच वेळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होती.